वृद्धांची जुनाट बद्धकोष्ठता: पोटाबरोबर मेंदूकडेही लक्ष कसे द्यावे

आतड्याच्या भिंतीतील मज्जाजाळे आणि मेंदू यांच्यात व्हेगस हा मेंदूपासून पोटापर्यंत जाणारा मज्जातंतू व मज्जारज्जू यांमार्फत सतत संदेशांची देवाणघेवाण चालते. जुनाट बद्धकोष्ठता असलेल्यांच्या कार्यात्मक एमआरआय (मेंदूचे भाग काम करताना दाखवणारा स्कॅन) अभ्यासांत, पोटातील संवेदनांची दखल घेणाऱ्या मेंदूतील इन्सुला व अग्र सिंग्युलेट या भागांच्या परस्पर जोडण्यांत फरक आढळले आहेत. मात्र हे निष्कर्ष गटांच्या सरासरीचे असून त्यांतून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरत नाही. म्हणून केवळ पोट साफ होत नाही एवढ्यासाठी सांगलीहून मिरजेला जाऊन मेंदूचा स्कॅन करण्यात अर्थ नाही.

त्याऐवजी दोन आठवडे वही ठेवावी. शौचास कधी झाले, कुंथावे लागले का, पोट पूर्ण मोकळे वाटले का, हे लिहावे आणि त्याच पानावर झोप, विसराळूपणा व गोंधळलेपणाचीही नोंद करावी. आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा शौचास होत असेल, तर ते डॉक्टरांना जरूर सांगावे.

वहीत सर्वांत महत्त्वाचे पान औषधांचे असते. लोहाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या आणि वेदनाशामक ट्रॅमाडॉल पोट बांधतात. परंतु नैराश्य वा मज्जातंतूंच्या वेदनांवरची अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा वारंवार लघवी होण्यावरची ऑक्सिब्युटिनिनसारखी औषधे आतड्याची हालचाल मंदावतात आणि वृद्धांची स्मरणशक्तीही मंद करू शकतात, त्यामुळे घरचे ज्याला ‘वय झालं’ म्हणतात, ते कधी कधी गोळीचे काम असते. अशी गोळी स्वतः बंद करू नये, डॉक्टरांकडून बदलून घ्यावी.

सकाळच्या चहा-न्याहारीनंतर आतड्याला आपोआप चालना मिळते. ती वेळ शौचासाठी राखावी आणि कमोड असल्यास पायांखाली पाट घ्यावा. शाळूची भाकरी, घेवड्याची उसळ, भिजवलेले बेदाणे हळूहळू वाढवावेत; मधुमेह्यांनी बेदाणे जपूनच खावेत. इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच घ्यावे, आणि हृदय वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे.

पार्किन्सन म्हणजे कंपवात या मेंदूच्या आजारात कंपाच्या कित्येक वर्षे आधी बद्धकोष्ठता असू शकते. बद्धकोष्ठता असलेल्या बहुतेकांना हा आजार नसतो. तरी वास न येणे, झोपेत हातपाय झाडणे किंवा चाल मंदावणे याची जोड असेल, तर मेंदुविकारतज्ज्ञांना दाखवावे. शौचातून रक्त, वजनात घट, उलट्या किंवा उतारवयात नव्याने सुरू झालेला त्रास असल्यास तपासणी लांबवू नये. अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला पातळ शौच झिरपत असेल, तर साचलेल्या कडक मळाभोवतून ते येत असण्याची शक्यता असते; तेव्हा जुलाब थांबवणारी गोळी देऊ नये, आणि सोबत अचानक भ्रम झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावे.