बेस वाढवायचाय? इक्वलायझरला हात लावण्याआधी या चुका टाळा

नाशिकमध्ये वाढलेल्या माणसाला बेस म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. रविवार कारंजावर मिरवणूक आली की ढोलाचा ठोका आधी छातीत बसतो, मग कानात शिरतो. तोच ठोका खिशातल्या प्लेअरवर फुसका लागला की हात आपसूक इक्वलायझरकडे, म्हणजे खालचे-वरचे सूर वेगवेगळ्या पट्ट्यांनी कमी-जास्त करायच्या सोयीकडे जातो. पण दोष बऱ्याचदा तिथे नसतोच.

मागच्या सुट्टीत भाचा तक्रार घेऊन आला, "मामा, यात बेसच नाही रे." ६० हर्ट्झची, म्हणजे अगदी खालच्या सुरांची पट्टी त्याने पार वर नेली होती. मी सेटिंग तसंच ठेवून त्याला दोन्ही इअरफोन बोटांनी हलकेच आत दाबायला सांगितलं. त्याचे डोळेच मोठे झाले. "आला की!" इअरफोनची मधल्या मापाची रबरी टोपी त्याच्या कानाला सैल होत होती. कानात बारीकशी फट राहिली तरी सगळ्यात आधी खालचे सूर निसटतात, आणि ते इक्वलायझरने परत येत नाहीत. खोक्यात बहुधा तीन मापांच्या टोप्या येतात, त्या लावून बघा. इअरफोन घालून बोललात आणि स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटला, तर टोपी बरोबर बसली.

आता सगळ्यात मोठी चूक: नुसतं वाढवत जाणं. आजकालची बरीच गाणी मुळातच इतकी जोरात भरलेली असतात की वर जागाच उरलेली नसते. त्यावर ६ डेसिबल चढवले की त्या पट्टीतली लहर दुप्पट उंच होते, तिचा माथा छाटला जातो आणि ठोक्याऐवजी फरफर ऐकू येते. लोक इअरफोन फाटला समजून नवा घेऊन येतात. प्लेअरमध्ये प्रीअँप (सगळ्या पट्ट्यांचा आवाज एकदम कमी-जास्त करणारी पट्टी) असेल तर बेस जितका चढवला तितकाच तो उतरवा. नसेल तर बेस शून्यावर ठेवून बाकीच्या पट्ट्या खाली घ्या आणि आवाज व्हॉल्यूमने वाढवा. मला तर हीच पद्धत जास्त भरवशाची वाटते.

पट्टी निवडतानाही गफलत होते. दहा पट्ट्यांच्या इक्वलायझरवर खोल बेस ३१ आणि ६२ हर्ट्झला असतो, ठोक्याचा भरीवपणा १२५ च्या आसपास. २५० वाढवलं की बेस खोल होत नाही, गायक मडक्यात तोंड घालून गातोय असं वाटतं. उलट २५० दोन-तीन डेसिबल उतरवून बघा, ठोका सुटा आणि स्वच्छ होतो. पारखायला ढोल-ताशाचं एखादं चांगलं रेकॉर्डिंग लावा. टिपरूचा, म्हणजे ढोलाच्या काठीचा ठोका घुमला पाहिजे, पण ताशाची तर्री, म्हणजे त्याचा भरभर कडकडाट, त्याखाली दबता कामा नये.

'बेस बूस्ट' (बेस आपोआप वाढवणारं वेगळं सेटिंग) आणि इक्वलायझर दोन्ही एकदम चालू ठेवू नका. एकावर एक थर चढतो, आणि नेमकं काय बिघडतंय ते कळत नाही.

बेसबरोबर गायकाचा आवाजही गायब झाला आणि मागचं संगीत तेवढं पोकळ वाजतंय? मग सेटिंग सोडा, पिन बघा. खिशातला कचरा जॅकमध्ये साचून पिन पूर्ण आत गेली नाही, की दोन्ही बाजूंची सामाईक तार सुटते आणि दोन्हीकडे सारखं असलेलं, म्हणजे गायक आणि बेस, एकमेकांना खाऊन टाकतं. प्लेअर बंद करून कोरड्या लाकडी टूथपिकने कचरा हळूच काढा.

आणखी एक. नाशिक रोड ते सीबीएस बसमध्ये बसून सेटिंग करू नका. इंजिनची घरघर नेमका बेस झाकते, म्हणून आपण तो चढवतो, आणि घरी तेच गाणं जड लागतं. शिवाय व्हॉल्यूमही वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत अशी मर्यादा सांगितली आहे. लहान मुलांनी त्याहून कमीच ऐकावं.

भाच्याच्या पाच पट्ट्यांच्या प्लेअरवर शेवटी हे ठरलं: ६० शून्यावर, २३० उणे ६, बाकी तिन्ही उणे ४, बेस बूस्ट बंद आणि कानात मोठी टोपी.