फॉर्म्युला स्टुडंटच्या गाडीला मागची विंग कशी करावी

फॉर्म्युला स्टुडंट म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या छोट्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा. विंग म्हणजे उलटा बसवलेला विमानाचा पंख. विमानाला तो वर उचलतो, गाडीला खाली दाबतो. वळणावर टायर जमिनीवर जास्त दाबले गेले की पकड वाढते. एवढं माहीत असलं की मुलं थेट कॉम्प्युटरवर आकार काढायला बसतात. तसं करू नका. आधी कागद-पेन्सिल घ्या.

दाब किती मिळणार?

हवेच्या घनतेची निमपट, गुणिले वेगाचा वर्ग, गुणिले विंगेचं क्षेत्रफळ, गुणिले लिफ्टचा गुणांक (पंखाचा आकार आणि कोन किती दाब देतो ते सांगणारा आकडा). समजा विंग ९० सेंमी रुंद, ५० सेंमी खोल (पुढून मागे) आहे, गुणांक २.५ आहे आणि वळणावर वेग ताशी ६० किमी आहे. उत्तर येतं सुमारे १९० न्यूटन, म्हणजे १९ किलोचा भार. ताशी १०० ला हीच विंग ५३ किलोने दाबेल, पण कोइंबतूरच्या कारी स्पीडवेवर होणाऱ्या फॉर्म्युला भारतसारख्या स्पर्धेत वळणं घट्ट असतात, तेव्हा हिशोब कमी वेगाचाच धरा. १९ किलोच्या दाबासाठी विंग पेलणाऱ्या खांबांसकट आठ किलोची विंग, तीही गाडीच्या डोक्यावर, हा सौदा मला पटत नाही. चार-पाच किलोची मर्यादा आधीच भिंतीवर लिहून ठेवा.

तो भार पडणार कुठे?

इथे बहुतेक टीम फसतात. हातगाडीच्या मागच्या टोकावर ओझं टाकलं की पुढचं टोक उचलतं, तसंच इथे होतं. विंगेचा दाब मागच्या ॲक्सलच्या ४० सेंमी मागे पडत असेल आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं अंतर, १५५ सेंमी असेल, तर पुढच्या चाकांवरचा सुमारे ४९ न्यूटन भार उतरतो. त्यात ड्रॅगची, म्हणजे विंगेला मागे ओढणाऱ्या हवेच्या विरोधाची, भर. विंग जितकी उंच, तितका ड्रॅग पुढचं नाक जास्त उचलतो. म्हणून पुढची विंग नसताना मागची एकटी लावली की गाडी वळायचं नाव घेत नाही. दोन्ही विंगा एकत्रच डिझाइन करा.

आकार

कमी वेगासाठी पंखांचे आकार शोधणारे संशोधक सेलिग यांचा एस १२२३ हा आकार बऱ्याच टीम वापरतात. त्याची मागची कड कागदासारखी पातळ आहे, हाताने बनत नाही. दीड-दोन मिलिमीटर जाड करून टाका. मुख्य पंखामागे एक फ्लॅप, म्हणजे छोटा दुसरा पंख, द्या. दोघांतली फट एकूण खोलीच्या एक ते दोन टक्के, म्हणजे इथे पाच ते दहा मिलिमीटर. या फटीतून येणारी जोरदार हवा फ्लॅपच्या खालचा प्रवाह चिकटवून ठेवते. विंगेचा खरा धंदा खालच्या पृष्ठभागावर चालतो, म्हणून जमलं तर आधार वरून द्या आणि खालची बाजू मोकळी सोडा. दोन्ही टोकांना उभ्या पाट्या हव्यातच, नाहीतर वरची जास्त दाबाची हवा कडेने खाली घसरते.

बनवणं

प्लायवूडचे दोन साचे कापा, मध्ये थर्माकोलचा ठोकळा धरा आणि तापलेल्या निक्रोम तारेने तो कापा. दोघांनी तार एकाच गतीने ओढायची. एक जण थांबला की तिथे खड्डा. वर फायबरचे थर इपॉक्सीने चढवा. इपॉक्सीनेच. आम्ही एकदा पैसे वाचवायला पॉलिएस्टर रेझिन ओतलं आणि रात्रभरात आतला थर्माकोल विरघळून फायबरचं चुरगळलेलं कवच हाती आलं. बोल्ट कधीही फोममध्ये कसू नका, तो दबतो. जिथे खांब येणार तिथे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आधीच आत बसवा.

खांब

१९६९ साली बार्सिलोनाच्या माँजुइक ट्रॅकवर फॉर्म्युला वनचे ड्रायव्हर ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांच्या लोटस गाड्यांच्या उंच विंगा मोडल्या, दोघेही जोरात आदळले. पुढच्याच मोनॅको शर्यतीत उंच विंगांवर बंदी आली. फॉर्म्युला स्टुडंटमध्ये परीक्षक २२५ चौरस सेंमी जागेवर २०० न्यूटन भार देतात आणि विंग १० मिमीपेक्षा जास्त वाकता कामा नये. घरीच २० किलोची वाळूची पोती ठेवून पाहा.

ट्रॅकवर

विंगेच्या खालच्या बाजूला लोकरीचे बोटभर लांब तुकडे टेपने चिकटवा, विंग काळी असेल तर पांढरी लोकर. शेजारी छोटा कॅमेरा बांधा. धागे सरळ मागे लोळले तर हवा चिकटून आहे. फ्लॅपवरचे धागे वळवळायला, उलटे फिरायला लागले तर कोन जास्त झाला. फ्लॅप दोन अंश उतरवा आणि परत एक फेरी मारा. उलट, धागे शांत असूनही मागचा दाब कमी वाटला तर मागच्या कडेला, वरच्या अंगाला सेंटीमीटरभर उंचीची काटकोनी पट्टी लावा. अमेरिकन रेसिंग ड्रायव्हर डॅन गर्नी यांनी १९७१ मध्ये हीच युक्ती केली होती. दोन स्क्रू आणि पाच मिनिटं लागतात.