जत्रेची रात्र आणि एमटीएसच्या फायली: कॅमकॉर्डरचं फुटेज एडिटिंगला घेताना

तुळशीची लग्नं आटोपली की आमच्या सिंधुदुर्गात जत्रा सुरू होतात. देवाची पालखी प्रदक्षिणा करून आली की रात्री उशिरा दशावतार उभा राहतो, तो उजाडेपर्यंत. मी कुडाळला असतो. पोटापाण्याला लग्न-मुंजींचं शूटिंग करतो आणि या चार-पाच महिन्यांत जमेल तितक्या जत्रांना कॅमकॉर्डर घेऊन जातो. या कामात नव्यानं येणारी मुलं भेटली की कॅमेरा कुठला घेऊ, हेच आधी विचारतात. मला त्यांच्याशी बोलायचं असतं ते कार्ड घरी आणल्यानंतरच्या दोन तासांबद्दल, कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान त्या दोन तासांत झालं.

पहिल्याच हंगामात राजाची भूमिका करणाऱ्या एका जुन्याजाणत्या राजपार्टी कलाकाराची अख्खी रात्र मी शूट केली होती. दशावतारी आपला रंग आपणच रंगवतो. या माणसाचा हात असा की भुवईची एक रेघ ओढली की राजा दिसायला लागायचा. कॅमेऱ्यानं ते सगळं टिपलं होतं. घरी आलो, कॉम्प्युटरवर कॅमकॉर्डरनं लिहिलेली एमटीएस फाईल अडखळत चालली, म्हणून इंटरनेटवरचा एक फुकटचा कन्व्हर्टर उतरवला आणि आहे त्या सेटिंगवर सगळ्या फायली कन्व्हर्ट केल्या. दुसऱ्या दिवशी पुढची जत्रा होती, म्हणून कार्ड फॉरमॅट केलं. एडिट करून पुन्हा एकदा एक्स्पोर्ट केलं आणि त्यांच्या घरी जाऊन टीव्हीवर लावलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "तोंडार लायलेलो रंग खंय गेलो रे?" मागच्या काळ्या पडद्याचे चौकोन चौकोन झाले होते, भुवईची रेघ गालात विरघळली होती. मूळ फाईल उरली नव्हती. पुढच्या वर्षापासून त्यांनी रंग लावणं सोडलं. ती रात्र माझ्याकडे आजही त्याच अवस्थेत आहे.

तिथून मी हा विषय धरून बसलो. फाईल अडखळते म्हणजे ती खराब आहे असं समजू नका. या एमटीएस फायली ज्यात लिहिल्या जातात तो एव्हीसीएचडी हा प्रकार सोनी आणि पॅनासॉनिक यांनी २००६ साली आणला, तो लहानशा कार्डावर तासन् तास एचडी चित्र मावावं म्हणून. आत एच.२६४ पद्धतीनं दाबलेलं चित्र असतं. बारा-पंधरा फ्रेममागे एखादीच फ्रेम पूर्ण लिहिलेली असते. मधल्या फ्रेममध्ये फक्त "मघासारखंच, तलवार एवढी सरकली" इतकीच नोंद. काही नोंदी तर पुढच्या फ्रेमच्या भरवशावर केलेल्या असतात. नुसतं बघायला हे उत्तम. पण एडिटिंगला तुम्ही मधल्याच फ्रेमवर बोट ठेवता, आणि कॉम्प्युटरला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथपर्यंतचा सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. अडखळतं ते इथे.

म्हणून आपण फाईल अशा रूपात नेतो जिथे प्रत्येक फ्रेम आपल्या पायावर उभी असते. ॲपलचं प्रोरेस किंवा ॲव्हिडचं डीएनएक्सएचडी ही त्याची रोजच्या वापरातली रूपं. एक गोष्ट सुरुवातीलाच डोक्यात पक्की बसवा: कन्व्हर्ट केल्यानं चित्र सुधारत नाही. कॅमेऱ्यानं जे टाकलं ते गेलंच. आपल्याला फक्त उरलेलं सांभाळायचं असतं. ते जातं दर वेळी नव्यानं दाबताना, म्हणून कॅमेरा ते अंतिम फाईल या प्रवासात चित्र कितीदा दाबलं जातंय हे मोजत राहायचं. माझ्या त्या रात्री ते कॅमेऱ्यानंतर दोनदा दाबलं गेलं, आणि दोन्ही वेळा निर्दयपणे.

आता मी काय करतो ते सांगतो.

कार्डातून नुसत्या एमटीएस फायली उचलायच्या नाहीत. कार्डावर 'प्रायव्हेट' नावाचा फोल्डर असतो, त्यात 'एव्हीसीएचडी', त्यात 'बीडीएमव्ही', आणि त्याच्या आत 'स्ट्रीम'मध्ये चित्राच्या फायली. बाजूच्या फोल्डरमध्ये कुठली फाईल कुठल्या शॉटचा तुकडा आहे याची नोंद असते. कॅमेरा लांबलचक शॉट एका फाईलमध्ये ठेवत नाही, ठरावीक आकार झाला की नवी फाईल सुरू करतो. दशावतारात मी कॅमेरा तासभर बंद करत नाही, त्यामुळे एकाच प्रवेशाचे पाच-सहा तुकडे होतात. ते सुटे कन्व्हर्ट केले तर जोडावर एक-दोन फ्रेम गळतात आणि पखवाजाचा ठेका बरोबर तिथे चुकतो. अख्खं कार्ड जसंच्या तसं कॉपी केलं तर फायनल कट किंवा प्रीमियरसारखी सॉफ्टवेअर त्या नोंदी वाचून तुकडे आपोआप जोडतात. तुमचं सॉफ्टवेअर जोडत नसेल तर आधी तुकडे न दाबता एकामागोमाग जोडून घ्या आणि मगच पुढचं काम. दोन वेगळ्या डिस्कवर कार्डाची प्रत झाली, दोन्हीकडच्या चार फायली उघडून पाहिल्या, की मगच कार्ड रिकामं. या नियमाला माझ्याकडे अपवाद नाही.

मग मीडियाइन्फो नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फाईल उघडून बघा. बिटरेट (सेकंदाला किती माहिती लिहिली आहे), फ्रेमचा आकार, इंटरलेस्ड की प्रोग्रेसिव्ह (चित्र अर्धं-अर्धं लिहिलंय की पूर्ण), आवाजाचा प्रकार या चार गोष्टी वहीत लिहा. सोनीच्या कॅमकॉर्डरवर एफएक्स मोडला सेकंदाला २४ मेगाबिट, म्हणजे २४ एमबीपीएसपर्यंत मिळतात, एचक्यू मोडला साधारण ९. एचक्यूमध्ये फ्रेमही १४४० बाय १०८० ची असते, दाखवताना ती १९२० पर्यंत ताणायची असते. कन्व्हर्टरनं हे ओळखलं नाही तर माणसं उभी ताणलेली, बारीक दिसतात. अमेरिकेतल्या नातेवाइकानं आणून दिलेला कॅमेरा असेल तर तो सेकंदाला ६० फील्डवाला, म्हणजे ६० अर्धी चित्रं लिहिणारा निघण्याची शक्यता असते. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या ट्यूबलाईटखाली तो लुकलुकतो, आणि २५ फ्रेमच्या टाईमलाईनवर घातला की चाल धक्के खाते. कन्व्हर्ट करताना याचा इलाज नाही, ते शूटिंगच्या वेळीच पाहायचं.

यानंतरचा प्रश्न कोणी विचारत नाही: कन्व्हर्ट करायलाच हवं का? आजचा बऱ्यापैकी कॉम्प्युटर एव्हीसीएचडी सरळ चालवतो. तसं असेल तर काहीही करू नका, मूळ फाईलवरच एडिट करा. काही वेळा सॉफ्टवेअरला फक्त एमटीएसचा डबा आवडत नाही, आतल्या चित्राबद्दल तक्रार नसते. तेव्हा री-रॅप करायचं, म्हणजे आतलं चित्र न उघडता डबा तेवढा बदलायचा. शटर एन्कोडर हे फुकट सॉफ्टवेअर एफएफएमपेग या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रॅमवर चालतं, त्यात ही सोय आहे. तासाभराची फाईल काही मिनिटांत होते आणि चित्राचा एक कणही बदलत नाही. एवढ्यानं भागत असताना रात्रभर कन्व्हर्ट करत बसणारे लोक मी पाहिले आहेत.

कॉम्प्युटर जुना आणि डिस्क लहान असेल तर प्रॉक्सी करा. म्हणजे एडिटिंगपुरती हलकी नक्कल, आणि एक्स्पोर्टच्या वेळी सॉफ्टवेअर पुन्हा मूळ फाईल घेतं. केडेनलाईव्ह, रिझॉल्व्ह, प्रीमियर, सगळ्यांत ही सोय आहे. नव्या माणसाला मी हाच रस्ता सांगतो, कारण यात मूळ चित्र मध्ये कुठेही दाबलं जात नाही.

रंगावर बरंच काम करायचं असेल, किंवा काम दुसऱ्याच्या सिस्टिमवर जाणार असेल, तर मात्र पूर्ण कन्व्हर्ट. आधी डिस्क मोजा. चार तासांचा दशावतार एफएक्स मोडला साधारण ४३ जीबी होतो. तोच २५ फ्रेमला प्रोरेस ४२२ मध्ये नेला तर १२२ एमबीपीएसनं जवळजवळ २२० जीबी. डीएनएक्सएचडी १२० चंही तेवढंच. प्रोरेसचाही एक एचक्यू प्रकार आहे (कॅमेऱ्याच्या एचक्यू मोडशी त्याचा संबंध नाही), पण तो १८४ एमबीपीएसचा प्रकार कॅमकॉर्डरच्या फुटेजला लागत नाही. शेराच्या भांड्यातलं पाणी घागरीत ओतलं म्हणून वाढत नाही. एक मात्र खरं, की दहा बिटांच्या प्रोरेस ४२२ मध्ये नेल्यावर कॅमेऱ्यानं ४:२:० मध्ये (म्हणजे रंगाची माहिती कमी ठेवून) टाकून दिलेला रंग परत येत नसला, तरी पुढे रंग ओढून-ताणून झाल्यावर चित्र दहा बिटांत साठवलं जातं आणि हॅलोजनच्या उजेडातल्या चेहऱ्यावर पट्टे उमटण्याची शक्यता कमी होते.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो इंटरलेसचा. आपल्याकडचे बहुतेक जुने कॅमकॉर्डर १०८०-५०आय लिहितात. सेकंदाला ५० अर्धी चित्रं, एकात एक आड एक ओळी. स्त्रीपार्टी गिरकी घेते तेव्हा फ्रेम थांबवून बघा. लाल शालूच्या काठावर कंगव्याचे दात दिसतात, कारण एका अर्ध्यात काठ इथे आहे आणि दुसऱ्यात दोन बोटं पुढे. हे दात म्हणजे दोष नाही, दोन वेगवेगळे क्षण आहेत. कन्व्हर्ट करताना फाईल इंटरलेस्डच राहू द्या आणि वरचं फील्ड आधी ही खूण तशीच ठेवा. खूण उलटली तर प्रत्येक हालचाल एक पाऊल पुढे, अर्धं मागे अशी थरथरते. दात न काढता फ्रेम ७२० ला लहान केलीत तर दोन्ही क्षण एकमेकांत मिसळून जातात आणि मग ते कोणीही सोडवून देऊ शकत नाही. माझ्या त्या कन्व्हर्टरनं हेच केलं होतं. वेबसाठी प्रोग्रेसिव्ह हवंच असेल तर ५०आय चं ५०पी (सेकंदाला ५० पूर्ण चित्रं) करा, २५पी नको. दशावताराचं युद्धनृत्य २५पी मध्ये अर्धं फेकलं जातं. एफएफएमपेगमधला बीडब्ल्यूडिफ हा फिल्टर हे काम चांगलं करतो.

आवाजाकडेही बघा. एव्हीसीएचडीत बहुधा डॉल्बीचा एसी-३ आवाज असतो. काही सॉफ्टवेअरमध्ये चित्र दिसतं पण पेटी-पखवाज ऐकूच येत नाही. आवाज ४८ किलोहर्ट्झच्या पीसीएममध्ये, म्हणजे न दाबलेल्या रूपात काढून घेतला की प्रश्न मिटतो.

एकदम सगळ्या रात्रीची फाईल लावून झोपू नका. आधी दहा सेकंदांचा तुकडा करा. मी त्यासाठी मुद्दाम अवघड जागा निवडतो: काळा पडदा, लाल शालू, पांढरं धोतर आणि पळापळ एकत्र असलेली. कन्व्हर्ट झालेला तुकडा टाईमलाईनवर मूळ तुकड्याच्या डोक्यावर ठेवायचा आणि ब्लेंड मोड डिफरन्स करायचा, म्हणजे दोन चित्रांतला फरक तेवढा दिसतो. दोन्ही सारखे असतील तर पडदा काळा दिसतो. फार झालं तर अंधुक धूळ. आकृत्यांच्या कडा उजळल्या तर आकार किंवा फील्ड चुकलंय. पांढरा भाग चमकला तर उजेडाची पातळी कापली गेली आहे. एकदा मला धोतराच्या चुण्या अशाच चमकताना दिसल्या. व्हिडिओत पांढऱ्याची ठरलेली पातळी २३५ असते, पण अनेक कॅमकॉर्डर तिच्या वरचा उजेडही लिहून ठेवतात, आणि कन्व्हर्टरच्या एका टिकमार्कमुळे तो सपाट कापला जात होता. टिकमार्क काढला आणि पडदा काळा झाला. अख्ख्या रात्रीसाठी ती दहा मिनिटं खर्ची पडली.

आता लाईटीचं. पावसाळ्यात आमच्याकडे शूटिंग बंद असतं, त्यामुळे जुन्या कामाला तेव्हाच हात लागतो, आणि लाईटही तेव्हाच जाते. प्रोरेस ज्यात साठवतो त्या मोव्ह (.mov) फाईलची अनुक्रमणिका सहसा शेवटी लिहिली जाते. चार तासांची एकच फाईल करताना शेवटच्या पाच मिनिटांत लाईट गेली तर आधीचं सगळं असूनही ती उघडत नाही. म्हणून एक प्रवेश, एक फाईल अशी रांग लावा. गेली तर एक जाते. डिस्का मी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो आणि महिन्यातून एकदा चालू करून बघतो. आमच्या दमट हवेत ज्या कपाटात लेन्सला बुरशी धरते, त्याच कपाटात डिस्का ठेवू नका.

एडिट पूर्ण झालं की प्रोरेसमधून एक पक्की प्रत आणि तिच्यातून वाटायची एच.२६४ प्रत, एकदाच. गावात दशावतार बघितला जातो तो पेन ड्राईव्ह टीव्हीला लावून. जुने टीव्ही बहुधा फॅट३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेलाच पेन ड्राईव्ह वाचतात, आणि त्यावर चार जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. तेवढ्यासाठी चार तास एका फाईलमध्ये कोंबून चित्र पुन्हा चिरडू नका. १२ एमबीपीएसनं चाळीस मिनिटं साधारण ३.६ जीबी होतात. मी प्रवेशाप्रमाणे तुकडे करतो आणि नावाच्या आधी ०१, ०२ असे आकडे घालतो, म्हणजे टीव्ही ते ओळीनं लावतो. वर गणपतीचं नमन, खाली शेवटची आरती. म्हाताऱ्या माणसांना रिमोट घेऊन शोधत बसावं लागत नाही.