जांभळ्या कोबीपासून अमोनिया ओळखणारी पट्टी कशी बनवावी

अमोनियाचा झोंबरा वास कुणालाही कळतो, मग पट्टी कशाला? कारण नाक थोड्या वेळात त्याला सरावतं, कागद सरावत नाही.

पाव गड्डा जांभळा कोबी बारीक चिरा. बुडेल इतक्या कडकडीत पाण्यात वीस मिनिटं झाकून ठेवा आणि गाळा. पाणी शक्यतो डिस्टिल्ड घ्या, कारण क्षार जास्त असले की अर्क सुरुवातीलाच निळसर होतो. मग मंद आचेवर निम्मा आटवा. गार झाल्यावर कपभर अर्काला चमचाभर ग्लिसरीन घाला. हे टाळू नका. ग्लिसरीन कागदात ओल धरून ठेवतं. वायू आधी त्या ओलीत विरघळतो, तेव्हा कुठे रंग पालटतो. ठणठणीत कोरडी पट्टी ढिम्म राहते.

कागदाच्या बाबतीत मी फसलो. पहिल्या खेपेला प्रिंटरचा कागद वापरला, तर अमोनिया दाखवण्याआधीच तो निळा पडला! असल्या कागदात बहुधा कॅल्शियम कार्बोनेट मिसळलेलं असतं आणि ते स्वतःच आम्लारिधर्मी. तेव्हा फिल्टर पेपरच घ्या. दहा मिनिटं भिजवा, सावलीत वाळवा, बोटभर पट्ट्या कापून घट्ट झाकणाच्या डबीत अंधारात ठेवा. उजेडात रंग विटतो.

आता चाचणी. खिडकी उघडा. अमोनिया असलेल्या क्लीनरचे दोन थेंब कापसावर घेऊन कापूस बरणीच्या तळाशी ठेवा. पट्टी झाकणाच्या आतून चिकटवा, कापसाला टेकू देऊ नका. पट्टी आधी निळी, मग हिरवट होते. कोबीतल्या अँथोसायनिन या रंगद्रव्याची ही करामत: आम्लात लाल, आम्लारीत हिरवं. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल यांनी १६६४ मध्ये व्हायोलेट फुलांच्या पाकाबद्दल असंच नोंदवलं होतं. पट्टी मोकळ्या हवेत धरली की अमोनिया उडून जातो आणि जांभळा रंग बराचसा परततो. शेजारी एक कोरी पट्टी ठेवा, नाहीतर डोळा फसतो. त्याच बरणीत ब्लीच मात्र कधीही घालू नका, विषारी क्लोरामाइन तयार होतो.

पट्टीला कळतं ते फक्त आम्ल की आम्लारी. सडत्या माशातून निघणाऱ्या अमाइन्सनेही (अमोनियासारख्याच आम्लारी संयुगांनी) ती हिरवी होते. आणि कार्बन मोनॉक्साइडने खोली भरली तरी ती जांभळीच राहील. तिथे अलार्मच हवा.