शाईतला समुद्र: जिंगवेईच्या चिनी कथेवरून आजचं निसर्गचित्र कसं रंगवावं

चिनी पुराणकथांवर चित्र काढायचं ठरवलं की बहुतेकांचा हात आधी ड्रॅगनकडे जातो. माझा आग्रह आहे की सुरुवात एका लहान पक्ष्यापासून करा. ‘शान हाय जिंग’ या प्राचीन ग्रंथात जिंगवेईची कथा येते. यान सम्राटाची मुलगी पूर्व समुद्रात बुडाली आणि तिचा पक्षी झाला: डोक्यावर नक्षी, पांढरी चोच, तांबडे पाय. तेव्हापासून ती पश्चिमेच्या डोंगरातून काड्या आणि खडे आणून समुद्रात टाकते, तो बुजवण्यासाठी. एवढासा जीव आणि एवढा समुद्र! हे प्रमाणच आपल्या चित्राचा विषय आहे.

सामान थोडंच लागतं. शुआन कागद, नाहीतर दुकानात राइस पेपर म्हणून मिळणारा शोषक कागद, त्याखाली अंथरायला लोकरीचं कापड, काळी शाई, एक मऊ आणि एक ताठ कुंचला. तीन वाट्यांत शाईच्या तीन छटा करून ठेवा: गडद, मध्यम आणि पाण्यासारखी फिकी. या कागदावर ओढलेली रेघ खोडता येत नाही, म्हणून प्रत्येक फटकारा आधी वेगळ्या तुकड्यावर मारून पाहा.

आता मांडणी, सर्वाधिक वेळ इथे द्या. अकराव्या शतकातला चित्रकार ग्वो शी याने डोंगर पाहण्याची तीन अंतरं सांगितली: पायथ्यापासून शिखराकडे वर, समोरून डोंगरामागे खोल, आणि जवळच्या डोंगरावरून दूरवर सपाट. १०७२ सालच्या त्याच्या ‘वसंताची चाहूल’ या चित्रात ती एकत्र नांदतात. चित्र पाहणारा एका जागी खिळून राहत नाही, डोंगरातून फिरतो. आपल्या उभ्या कागदावर डावीकडे उंच कडा घ्या आणि उजवीकडे सपाट अंतर सोडा. निदान एक तृतीयांश कागद कोराच राहू दे. समुद्र आणि धुकं तिथेच असेल. लाटा काढायचा मोह आवरा.

कड्याची बाह्यरेषा मध्यम शाईने काढा. मग ताठ कुंचला जवळजवळ कोरडा करून आडवा धरा आणि कुऱ्हाडीच्या घावासारखे तुटक फटकारे मारा. कातळ असाच उभा राहतो. मातीच्या मऊ टेकड्यांना मात्र तागाच्या धाग्यांसारख्या लांब, सैल रेघा शोभतात. पायथ्याशी कागद स्वच्छ पाण्याने ओला करून फिकी शाई त्यात विरघळू द्या, की धुकं आपोआप येतं. वाळल्यावर वर झुडपांचे गडद ठिपके.

रंग हवा असेल तर चिनी चित्रकार वांग शीमंगचं १११३ सालचं, जवळपास १२ मीटर लांब गुंडाळीवरचं निसर्गचित्र आठवा. त्यातले निळे-हिरवे डोंगर खनिज रंगांचे आहेत. आपण जलरंगातला निळा आणि हिरवा फक्त शिखरांवर, पातळ गेरूच्या थरावर लावू.

हे चित्र आजचं कसं होईल? शू बिंग या समकालीन कलावंताच्या ‘पार्श्वकथा’ मालिकेत दुधी काचेवर जुनं निसर्गचित्र दिसतं. काचेमागे प्रत्यक्षात वाळक्या फांद्या आणि टाकाऊ वस्तू असतात. तेवढं धाडस घ्या. दूरच्या किनाऱ्यावर क्रेन आणि काँक्रीटचे ठोकळे काढा, पण कातळाच्याच फटकाऱ्यांनी, म्हणजे ते वरून चिकटवल्यासारखे वाटणार नाहीत. भराव घालून वाढलेल्या मुंबईतल्या वाचकाला हा किनारा ओळखीचा वाटेल. जिंगवेईच्या चोचीत मात्र काडीच असू द्या, म्हणजे तिचं दुःख आणि यंत्रांचा भराव एकमेकांसमोर येतील.

पक्षी अगदी शेवटी काढा, तांदळाच्या दाण्याएवढा, कोऱ्या भागात. लाल रंग फक्त त्याच्या पायांना.

कागद वाळला की सुरकुततो. चित्राच्या पाठीवर गव्हाच्या पिठाची पातळ खळ लावून दुसरा कागद चिकटवला की तो ताणून बसतो. त्याआधी शाई एक दिवस पूर्ण वाळू द्या आणि खळ कोपऱ्याच्या तुकड्यावर लावून पाहा, कारण बाटलीतली स्वस्त शाई ओलाव्याने पसरते.