विद्यार्थ्यांच्या लेखनावर ऑनलाइन अभिप्राय देताना

गूगल डॉक्समध्ये विद्यार्थ्याचा निबंध उघडला की चुका दुरुस्त करायला हात शिवशिवतात. सजेस्टिंग मोड (ज्यात आपले बदल सूचना म्हणून दिसतात) लावायचा, वाक्य सुधारायचं आणि पुढे जायचं. हा मोह आवरा. विद्यार्थी सगळ्या सूचना एकदम स्वीकारून मोकळा होतो. निबंध चकाचक होतो, पण त्याला स्वतःला काहीच करावं लागत नाही. नव्याने शिकवायला लागलेल्या सहकाऱ्यांना मी पहिल्यांदा हेच सांगते की, शेरा असा लिहा की पुढचं काम विद्यार्थ्यालाच करावं लागेल.

पहिलं वाचन कशालाही हात न लावता, शेवटपर्यंत करा. दुसऱ्या परिच्छेदात खटकलेल्या गोष्टीचं उत्तर कितीदा तरी पाचव्यात सापडतं.

मग शेरे. समजा एकीने लिहिलंय, 'समाजमाध्यमांमुळे तरुणांचं वाचन कमी झालं आहे, हे सर्वांनाच ठाऊक आहे.' बाजूला 'संदर्भ?' एवढंच लिहिलं, तर ती कुठली तरी लिंक शोधून चिकटवते आणि विधान होतं तसंच राहतं. मी लिहिते: 'तुमचा पुढचा सगळा युक्तिवाद या वाक्यावर उभा आहे. वाचन म्हणजे इथे फक्त पुस्तकं, की मोबाइलवरचे लेखही? ते आधी ठरवा. मग त्याबद्दलचं एखादं सर्वेक्षण शोधा. आकडे वेगळं सांगत असतील तर वाक्य बदला.' शेरा लांबतो खरा, पण नेमकं काय करायचं ते तिला कळतं. असे मोठे शेरे एका निबंधात तीन-चार पुरेत. पानभर शेरे दिसले की कुठून सुरुवात करावी हेच समजत नाही. शुद्धलेखनाची एकच चूक वारंवार होत असेल तर एकदा दाखवा, बाकीच्या जागा त्यांनाच शोधू द्या.

समोरासमोर बोलताना आपला आवाज आणि चेहरा मदतीला असतो. स्क्रीनवर 'अस्पष्ट' हा एकच शब्द रात्री एकट्याने वाचणाऱ्याला फार लागतो. त्याऐवजी 'इथे मी अडखळले, कारण आधीच्या परिच्छेदात तुम्ही उलट म्हटलं होतं' असं लिहा. कौतुकही नुसतं 'छान' म्हणून उरकू नका, काय जमलंय ते सांगा. मांडणीच मुळातून बदलायची असेल तर मी दोन मिनिटांचं ऑडिओ रेकॉर्डिंग पाठवते. आवाजातली आपुलकी लेखी शेऱ्यात उतरवणं अवघड असतं.

टर्निटिन या वाङ्मयचौर्य तपासायला वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरचा टक्का पाहून लगेच निष्कर्ष काढू नका. तो मजकुरातलं साम्य दाखवतो, चोरी सिद्ध करत नाही. अवतरणं आणि संदर्भसूची वगळलेली नसेल तर प्रामाणिक निबंधाचाही आकडा फुगतो. रिपोर्ट उघडून रंगवलेल्या ओळी स्वतः वाचा.

कच्च्या मसुद्याला शक्यतो गुण देऊ नका. शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासक रूथ बटलर यांनी १९८८ साली शाळकरी मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. नुसता लेखी अभिप्राय मिळालेल्या मुलांचं काम सुधारलं, सोबत गुणही मिळालेल्यांना तसा फायदा झाला नाही. विद्यापीठातही मला हेच दिसतं: आकडा कळला की शेरे वाचायची गरज वाटेनाशी होते.

दुसरा मसुदा मागवताना वर चार ओळी लिहायला सांगा: कोणत्या शेऱ्यावरून काय बदललं आणि कोणता शेरा का मानला नाही. मी आधी त्याच ओळी वाचते. न मानण्याचं कारण पटलं, तर तसं त्यांना आवर्जून कळवते.