भूमध्य समुद्राची क्रूझ: बंदरातल्या आठ तासांचं गणित

क्रूझ निवडताना बहुतेक जण जहाजाचे फोटो बघतात: पोहण्याचे तलाव, रंगमंच, जेवणाची दालनं. भूमध्य समुद्रात मात्र जहाज बहुतेक वेळा रात्री चालतं आणि दिवसभर धक्क्याला उभं असतं. सात रात्रींच्या सफरीत पाच-सहा बंदरं लागतात आणि प्रत्येक ठिकाणी हाती येतात साधारण आठ ते बारा तास. सफरीचं सोनं होतं की माती, हे या तासांवर ठरतं. म्हणून आयटिनररीतला, म्हणजे सफरीच्या छापील कार्यक्रमातला, जहाज लागण्या-सुटण्याच्या वेळांचा रकाना सगळ्यात आधी वाचा. किंमत आणि केबिन त्यानंतर.

शहर एकीकडे, धक्का दुसरीकडे

आयटिनररीत ‘रोम’ छापलेलं असतं, पण जहाज लागतं चिव्हितावेक्कियाला, रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो किंवा ला स्पेझिया. ‘अथेन्स’ म्हणजे पिरेअस. तिथून मेट्रो आहे, त्यामुळे चिंता नाही. फसगत जास्त होते ती व्हेनिसच्या बाबतीत. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना सान मार्को चौकासमोरून आणि जुदेक्का कालव्यातून जायला बंदी आहे. आता ती मार्गेरा, त्रिएस्ते किंवा रावेन्नाला लागतात. रावेन्नाहून व्हेनिस बसनं दोन-अडीच तासांवर आहे, म्हणजे जाण्यायेण्यातच अर्धा दिवस संपला. सफर रावेन्नाला सुरू होणार किंवा संपणार असेल, तर व्हेनिसमध्ये आधी किंवा नंतर एक-दोन रात्री वेगळ्या काढा.

याउलट नेपल्स आणि माल्टाची राजधानी वालेटा या बंदरांत जहाजातून उतरलं की समोर शहरच. अशा बंदरांना सहा तासही पुरतात. चिव्हितावेक्किया किंवा लिव्होर्नोला दहा तासांपेक्षा कमी वेळ असेल, तर ती सफर सोडून दुसरी बघावी हे बरं.

आणखी एक शब्द आयटिनररीत शोधा: टेंडर. जहाज धक्क्याला न लागता खोल पाण्यात नांगर टाकतं आणि छोट्या बोटींतून माणसं किनाऱ्यावर नेतात. सांतोरिनी, व्हिलफ्रांश आणि कान ही अशी बंदरं. टेंडरला जाता-येता मिळून तास-दीड तास सहज जातो. वारा वाढला की टेंडर बंद होतात आणि बंदरच रद्द होतं. एजियन समुद्रात जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. त्यामुळे ग्रीक बेटांसाठी मे, जूनचा पहिला पंधरवडा किंवा सप्टेंबर निवडावा. तेव्हा ऊनही सोसण्याजोगं असतं.

व्हिसा आणि बुकिंग

ज्यांना शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला एकच व्हिसा) लागतो त्यांनी तो मल्टिपल एन्ट्रीचाच मागावा. जहाज तुर्कस्तान, ट्युनिशिया किंवा माँटेनेग्रोला गेलं की तुम्ही शेंगेन क्षेत्राबाहेर पडता. सिंगल एन्ट्रीचा व्हिसा तिथंच संपतो, आणि क्रूझ कंपनी अशा प्रवाशाला पहिल्याच दिवशी जहाजावर चढू देत नाही. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे आणि तिथं युरोच चालतो. माँटेनेग्रोत युरो चालतो, पण तो देश शेंगेनमध्ये नाही. हा गोंधळ हमखास होतो. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. तो घेतानाच ‘जहाज चुकणं’ त्यात धरलेलं आहे का, हे विचारून घ्या.

जाहिरातीतली किंमत ही दोघांनी एक केबिन घेतल्यास माणशी पडणारी किंमत असते. सेवा शुल्क दर रात्री माणशी वेगळं लागू शकतं. पेयं, वायफाय आणि शोअर एक्सकर्शन (जहाजानं आखलेल्या बंदरावरच्या सहली) यांचे पैसेही बहुधा वेगळे. हे सगळं मिळवून मगच दोन कंपन्यांची तुलना करावी. बोट लागण्याचा त्रास असेल तर जहाजाच्या मध्यभागी, खालच्या डेकवरची केबिन घ्या; तिथं हेलकावे सगळ्यात कमी जाणवतात. वरच्या डेकवर पुढच्या टोकाची बाल्कनी महाग असते आणि डोलतेही तीच जास्त. फ्रान्सच्या दक्षिणेला लायन्सच्या आखातात मिस्ट्रल वाऱ्यानं समुद्र खवळतो, तेव्हा हा फरक चांगलाच कळतो.

जहाज सुटायच्या दिवशीच विमानानं पोचण्याचा बेत करू नका, आदल्या दिवशी पोचा. विमानाला उशीर झाला तर जहाज थांबत नाही.

जहाजावर चढताना

ऑनलाइन चेक-इन करून बॅगांचे टॅग छापून लावा. धक्क्यावर दिलेली बॅग केबिनच्या दारात यायला कधीकधी रात्र होते. म्हणून पासपोर्ट, औषधं, चार्जर आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा. इस्त्री, पाण्याची किटली आणि सर्ज प्रोटेक्टर असलेली एक्स्टेन्शन वायर आगीच्या भीतीनं काढून घेतात. जहाजावरच्या खर्चासाठी डेबिट कार्ड देऊ नका. त्या खात्यातली रक्कम आगाऊ अडवून ठेवली जाते आणि मोकळी व्हायला दिवस लागतात.

सुरक्षेची ड्रिल कंटाळवाणी वाटली तरी मनापासून करा. १३ जानेवारी २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया जिलियो बेटाजवळच्या खडकावर आपटलं आणि ३२ जणांचा जीव गेला. त्याच संध्याकाळी चिव्हितावेक्कियाला चढलेल्या प्रवाशांची ड्रिल तोवर झालेलीच नव्हती. त्यानंतर क्रूझ कंपन्यांनी जहाज सुटण्यापूर्वीच ड्रिल घ्यायचं ठरवलं. आपलं मस्टर स्टेशन (संकटात जमायची जागा) केबिनपासून पायी चालत जाऊन एकदा बघून ठेवा.

फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका. खोल समुद्रात जहाजाचं स्वतःचं उपग्रहावरचं मोबाइल नेटवर्क सुरू होतं. साध्या रोमिंग पॅकमध्ये ते बसत नाही आणि बिल भलतंच येतं.

दिवस उलटा मोजा

बंदरातला दिवस सकाळपासून आखला की चुकतो. तो संध्याकाळपासून मागे मोजत आणावा. उदाहरण रोमचंच घेऊ. जहाज सकाळी ७ ला लागतं आणि संध्याकाळी ७ ला सुटतं असं धरा. ‘ऑल अबोर्ड’ म्हणजे सगळ्यांनी परत येण्याची वेळ साधारण ६.३०. आपण बंदराच्या दारात ५.३० ला पोचायचं, कारण एक गाडी चुकली तरी हाताशी तास हवा. गाडीला तास-सव्वा तास लागतो, म्हणून रोममधून निघायची वेळ ४.

आता सकाळकडे या. उतरून शटल बसनं बंदराच्या बाहेर लार्गो देल्ला पाचे या थांब्यावर यायचं. तिथून दुसऱ्या बसनं रेल्वे स्टेशन. साडेआठच्या सुमाराची गाडी मिळाली तर साडेनऊला रोमा सान पिएत्रो स्टेशन. तिथून सेंट पीटर्स चौक पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. तेर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनपर्यंत जाऊन परत मागे येण्यात अर्धा तास वाया जातो. साडेनऊ ते चार, म्हणजे साडेसहा तास. यात एकच मोठी गोष्ट नीट होते: व्हॅटिकन किंवा कोलोसियम. दोन्ही करू पाहणारे दोन्हीकडच्या रांगाच बघून येतात.

व्हॅटिकन संग्रहालय रविवारी बंद असतं. महिन्यातला शेवटचा रविवार अपवाद, पण त्या दिवशी प्रवेश मोफत असल्यानं गर्दी प्रचंड असते. बुधवारी सकाळी पोपच्या सभेमुळे सेंट पीटर्स बॅसिलिकात (चौकातल्या मोठ्या चर्चमध्ये) जाता येत नाही. कोलोसियमचं तिकीट नावावर असतं आणि ३० दिवस आधी विक्रीला येतं, तेव्हा पासपोर्टवर आहे तसंच नाव घाला. इटलीत प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यावं लागतं. तिकीट खरं असलं तरी शिक्का नसेल तर दंड होतो. संपाची तारीखही आधी बघून ठेवा. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळांत काही ठरावीक गाड्या धावतात, पण क्रूझच्या प्रवाशाला परतीसाठी त्यांचा उपयोग नाही. अशा दिवशी जहाजाचीच सहल घ्या.

सहल कुणाची घ्यावी, यावर एक सरळ नियम: धक्का शहरातच असेल तर स्वतः फिरा, तासाहून जास्त प्रवास असेल आणि हाताशी वेळ कमी असेल तर जहाजाची सहल घ्या. ती महाग पडते, पण बसला उशीर झाला तर जहाज तिच्यासाठी थांबतं. स्वतः गेलेल्यांसाठी थांबत नाही. घड्याळाचीही खात्री करा. ग्रीस आणि तुर्कस्तान इटलीच्या पुढे आहेत, उन्हाळ्यात दोन्ही एक तास. फोन आपोआप वेळ बदलतो, जहाजाची वेळ मात्र कप्तान सांगेल तीच. ऑल अबोर्ड नेहमी जहाजाच्या वेळेनं असतं.

काही बंदरं

लिव्होर्नोच्या मालधक्क्यावरून पायी जाता येत नाही. शटलनं शहरात यायचं, तिथून बसनं सेंत्राले स्टेशन. फ्लॉरेन्स सुमारे दीड तास, पिसा वीस मिनिटांच्या आत. झुकता मनोरा बघायचा तर पिसा सान रोस्सोरे स्टेशन जवळ पडतं. फ्लॉरेन्सचं उफ्फिझी कलासंग्रहालय सोमवारी बंद असतं.

नेपल्सहून पाँपेईला जाणारे स्टेशनच्या नावात गोंधळतात. गारिबाल्दी स्टेशनहून चिर्कुमवेसुव्हियाना या स्थानिक रेल्वेची सोरेंतोकडे जाणारी गाडी पकडा आणि ‘पाँपेई स्कावी – व्हिला देई मिस्तेरी’ला उतरा; पस्तीस-चाळीस मिनिटं लागतात. नुसतं ‘पाँपेई’ नाव असलेली स्टेशनं दुसऱ्या मार्गांवर आहेत आणि तिथून चालावं लागतं. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० जणांनाच आत सोडतात आणि तिकीट नावावर असतं. इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या या शहरात सावली जवळजवळ नाही. टोपी आणि पाणी विसरू नका, मोठी पिशवी जहाजावरच ठेवा. या गाडीत खिसेकापू फार, पैसे पुढच्या खिशात ठेवा.

पिरेअसहून मेट्रोची तीन नंबरची निळी लाइन थेट मोनास्तिराकीला नेते. अॅक्रोपोलिसचं तिकीट ठरावीक वेळेचं असतं. सकाळी ८ चंच घ्या. उष्णतेची लाट आली की दुपारी काही तास स्थळ बंद ठेवतात. तिथला संगमरवर पावलांनी झिजून गुळगुळीत झालाय, तेव्हा रबरी तळव्याचेच बूट घाला.

सांतोरिनीत जहाजं नांगरतात ती ज्वालामुखीच्या बुडालेल्या विवरात. टेंडर कड्यावर वसलेल्या फिरा गावाच्या खाली सोडतो. वर जायला केबल कार, किंवा पाचशे ऐंशीच्या आसपास पायऱ्या. खरी अडचण येते उतरताना. दुपारी चारनंतर केबल कारची रांग दीड-दोन तासांची होऊ शकते आणि शेवटचा टेंडर निघून जातो. दोन मार्ग आहेत: तीनच्या आत खाली या, किंवा पायऱ्या उतरा, अर्ध्या तासात खाली पोचता. गाढवांवर बसू नका. उन्हात ती दिवसभर याच घसरट पायऱ्यांवरून ओझं वाहतात. जुलै २०२५ पासून ग्रीस क्रूझच्या प्रवाशांकडून शुल्क घेतो. सांतोरिनी आणि मिकोनोसला जून ते सप्टेंबरात माणशी २० युरो पडतात, आणि बहुधा ते जहाजाच्या खात्यातच लागतात.

क्रोएशियातल्या दुब्रोव्निकला जहाज ग्रुझ बंदरात लागतं, जुनं शहर तिथून तीन किलोमीटर. तटबंदी १,९४० मीटर लांब आहे आणि तिच्यावर एकाच दिशेनं चालायचं असतं. दहाच्या आत चढा. माँटेनेग्रोतल्या कोतोरच्या दिवशी मात्र पहाटेचा गजर लावून डेकवर जा. डोंगरांच्या मधून वळत वळत जहाज आत शिरतं, व्हेरिगेच्या चिंचोळ्या खाडीतून जातं, पुढे पेरास्तसमोरची दोन बेटं दिसतात. या सगळ्या सफरीत याहून सुंदर तास नाही. वालेटात जहाज ग्रँड हार्बरमध्ये शिरतं तो देखावाही चुकवू नका. उतरल्यावर ५८ मीटर उंचीची लिफ्ट अप्पर बराक्का बागेत नेते आणि दुपारी १२ ला तिथं तोफेची सलामी होते. तुर्कस्तानातल्या कुशादासीहून एफिससचे प्राचीन अवशेष बघायला गेलात तर वरच्या दारानं आत जा, म्हणजे सगळा रस्ता उताराचा मिळतो.

जहाज चुकलंच तर

रोज केबिनमध्ये येणाऱ्या पत्रकावर बंदरातल्या एजंटचं नाव आणि फोन छापलेला असतो. उतरण्यापूर्वी त्याचा फोटो काढा. पासपोर्टची प्रत, एक कार्ड आणि दिवसभराची औषधं जवळ असू द्या. उशीर होतोय असं कळताच एजंटला फोन करा. अशा वेळी कर्मचारी तिजोरीतला पासपोर्ट काढून त्याच्याकडे देऊ शकतात. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचा.

शेवटची रात्र

मोठ्या बॅगा मध्यरात्रीपूर्वी दाराबाहेर ठेवायच्या असतात. दर सफरीत कुणी ना कुणी उद्याचे कपडेही त्यात भरून टाकतं. एक जोडी आणि बूट आधी बाजूला काढा. सकाळी उतरायला, बॅगा शोधायला आणि विमानतळ गाठायला चार-पाच तास धरा. चिव्हितावेक्कियाहून फ्युमिचिनोचं विमान दुपारी एकच्या आधीचं नको.